गाडीची खांदेमळणी

पोळा जवळ आला की माझ्या दुकानात अजूनही अंबाडीचा वास येतो. खरं तर अंबाडीचे दोर आता मी हौसेपुरते ठेवतो. बाकी सगळा नायलॉन. पिवळा, निळा, हिरवा. कारखान्यातून गुंडाळून येतो, पावसात भिजला तरी त्याला काही होत नाही आणि कोरडा असला तरी त्याला कसला वास नाही. पण श्रावण सरत आला, दोन दिवस झड लागली, हवा ओलसर झाली, की कोपऱ्यातल्या त्या चार-दोन वेटोळ्यांतून कुजवून धुतलेल्या अंबाडीचा आंबूस वास उठतो आणि मला उगाच कुणाचा तरी राग यायला लागतो.

कुणाचा ते मला माहीत आहे. उगाच म्हटलं.

मी दोरवाला. वडवणीच्या बाजारात माझा बाप गोणपाट अंथरून बसायचा. बैलाच्या वेसणी, कासरे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, विहिरीचे दोर. त्याच्या माघारी ते गोणपाट मला मिळालं. त्यावर मी पत्रे घातले, पत्र्याखाली फळ्या आल्या, फळ्यांपुढं शटर लागलं. यात कुणाची मेहेरबानी नाही. भाव करून झालं सगळं. दोर वळणाऱ्याशी भाव केला, ट्रकवाल्याशी केला, जागेच्या मालकाशी तर असा केला की तो मला बघून रस्ता बदलायचा. लोक म्हणतात, मन्मथअप्पाचं डोकं लवकर तापतं. तापतं. पण भाव करताना मी तापलो तर ते निम्मं खोटं असतं, आणि जे गिऱ्हाईक हे ओळखतं त्याला मी चहा पाजतो.

असं ओळखणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं.

दोर विकायची आमची एक रीत होती. एक टोक गिऱ्हाइकानं धरायचं, दुसरं मी. दोघांनी टाच रोवायची आणि मागं झुकायचं. दोर करकरायचा, अंबाडीची बारीक कुसं उन्हात उडायची, तळहात चरचरायचे. दोर टिकला की मगच भावाला सुरुवात. म्हणजे तोंड उघडायच्या आधी आम्ही एकमेकांचा जोर बघून घेतलेला असायचा. कोण नुसता अंगानं भारी आहे, कोण झटका देऊन बघतो, कोण हळूहळू वाढवत नेतो. माणूस भाव कसा करणार, हे तो दोर कसा ओढतो त्यावरून कळतं.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. बसस्टँडसमोर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती. किराणा दुकानांत शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर किंमत छापलेली. मला त्या माळा डोळ्यांपुढं नको वाटायच्या. किंमत छापूनच आली तर माणसानं दुकानात जाऊन बोलायचं काय? त्याच सुमाराला गावाबाहेरच्या माळावर एक विनाअनुदानित शाळा निघाली आणि विज्ञान शिकवायला गव्हाणे सर आले. धर्मापुरीकडचे. बायको आणि लेकरू गावी, इथं पिठाच्या गिरणीमागं एक खोली. पगार नव्हता. अनुदान येणार होतं. तेव्हा सगळ्याच शाळांना अनुदान येणार असायचं. शाळेत प्रयोगाचं सामानही नव्हतं, म्हणून सर माझ्याकडं दोर घ्यायला आले. सडपातळ माणूस, पायात चपला, पण टाच अशी रोवली की मी चमकलो.

दोघं मागं झुकलो होतो, दोर करकरत होता, आणि तसंच झुकलेले असताना त्यांनी विचारलं, "अप्पा, एक सांगा. तुमी तिकडून जोर लावलाय, मी हिकडून तेवढाच लावलाय. दोरावर एकाचा जोर आला का दोघांचा?"

"दोघांचा. हे काय इचारणं झालं?"

"एकाचाच."

"कावून? दुसरा काय झोपलाय का?"

त्यांनी आपलं टोक दुकानाच्या खांबाला बांधलं आणि बाजूला झाले. "आता ओढा. तेवढंच ओढा."

ओढलं. दोर तसाच ताणला, तसाच करकरला.

"बघा. माझ्या जागी खांब आला, दोराला काय फरक पडला? मी ओढत होतो तेवढंच खांब ओढतोय तुमाला."

"ओ मास्तर, खांबाला हात हायत का?"

"हात नसू द्या. तुमी सोडून बघा, मग कळंल कोण कुणाला धरून होतं."

मग आम्ही भावाला बसलो. मी दुप्पट सांगितला, त्यांनी निम्म्याच्याही खालून सुरुवात केली. मी दोर उचलून आत ठेवला. ते उठून चालायला लागले. मी ओरडलो, ते थांबले. शेजारचे दुकानदार बघत होते. शेवटी जिथं यायचं तिथंच आलो आणि मी चहा सांगितला. मी तोट्यात कधी विकलं नाही, सरांनाही नाही. पण त्या दिवशी दुकान बंद करताना मी गुणगुणत होतो, असं बायको म्हणाली.

तेव्हापासून दर बाजारी सर यायचे. कधी हातभर सुतळी, कधी कासऱ्याचा तुकडा. घासाघीस अर्धा घंटा. दोराबरोबर पोरांनी वर्गात विचारलेले प्रश्न घेऊन यायचे. भल्या पहाटे हात लावला तर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव गार लागते आणि लाकडी जू का नाही? दोर हळू ओढला तर टिकतो आणि झटक्यानं का तुटतो? पोरं वर्गात विचारायची, सर मला विचारायचे, आणि उत्तर मात्र पुरं द्यायचे नाहीत. अर्धं या बाजारी, अर्धं पुढच्या. गिऱ्हाईक बांधून ठेवायची माझी विद्या त्या माणसानं माझ्यावरच चालवली होती.

"पृथ्वी फिरती म्हंता ना सर," एका पोरीनं त्यांना विचारलं होतं, "मग वडवणीत झाडावरून उडालेला कावळा तलवाड्यात कावून उतरत न्हाई?"

मी हसलो. मग विचार करायला लागलो आणि हसू गेलं. खरंच, का नाही? आठवडाभर मी कावळे बघत बसलो.

पुढच्या बाजारी सर म्हणाले, "हवा बी संगंच फिरती, अप्पा. कावळा बी. धावत्या एसटीत तुमी उडी मारली तर कुठं पडाल?"

"कंडक्टरच्या अंगावर."

"म्हंजे एसटीतच ना?"

मला माझा प्रश्न होता. नववीत असताना मी आमच्या गुरुजींना विचारलं होतं की विहिरीतली बादली पाण्यात असते तोवर बोटावर येते, मग पाण्याबाहेर आली की खांदा का उपटते? गुरुजींनी कानाखाली वाजवली. "पाणी भराया आलास का शिकाया?" वर्ग हसला. मी दप्तर उचललं ते बापाच्या गोणपाटावर नेऊन ठेवलं. बाप खूश झाला, पोरगं धंद्याला लागलं. तो प्रश्न मी पुढं कुणालाही विचारला नाही. सरांना विचारला तेव्हा माझे कान तापले होते, चाळिशीला आलेल्या माणसाचे.

सर हसले नाहीत. "बादली बुडालेली असती तवा भवतालचं पाणी तिला खालून उचलून धरतं," ते म्हणाले. "बाहेर आली की ते सुटतं. वजन पयल्यापासून तेवढंच हुतं. फक्त तुमच्या जोडीला उचलणारं कुणी राह्यलं न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्याच्यासाठी मला कानाखाली कावून बसली?"

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्याला येत नसंल," म्हणाले.

त्या दिवशी मी भाव न करताच सुतळी दिली, तर ते चिडले. "ठेवा माघारी. भीक न्हाई मागत. भाव सांगा." मी सांगितला. दुप्पट. मग त्यांचा चेहरा निवळला.

अशी दोन वर्षं गेली. मला तेव्हा मित्र होते असं नाही. धंद्यात माझ्याशी गोड बोलणारे पुष्कळ होते आणि भांडणारेही. पण जोरात जोर मिसळून बघावा आणि कुणी पडू नये, असा दुसरा कुणी नव्हता. हे तेव्हा कळत नव्हतं. ज्याच्या आधारानं आपण मागं झुकलेले असतो, तो आहे हे झुकलेलं असताना कुठं जाणवतं?

मग तो पोळा आला.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाची खांदेमळणी असते. वर्षभर जू वागवलेला खांदा गरम पाण्यानं शेकायचा, त्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या घट्टे पडलेल्या, केस गेलेल्या कातड्यावरून तुपाचा हात फिरताना बैल डोळे मिटून घेतो. ज्यानं हे बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

पोळ्याला पंधरा-वीस दिवस असताना सरांनी वर्गात बैलगाडीवरून धडा घेतला होता. बैल गाडीला जेवढ्या जोरानं पुढं ओढतो, तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. तर ती कावळ्यावाली पोरगी उठून उभी राहिली. "मग सर, गाडीची खांदेमळणी कावून न्हाई करत?"

हे सांगताना सरांचे डोळे चमकत होते. "अप्पा, अख्खा वर्ग हसला. म्या म्हणलं, हसू नका रे, ह्या पोरीला धडा समजलाय."

पण मला वेगळंच टोचलं. "थांबा. दोघं सारखंच ओढत असतील, तर गाडी हालती कशी? माझ्या हिशेबानं जाग्यावर उभी पाह्यजे. दोन्हीकडून सारखाच जोर असला तर सौदा पुढं सरकत न्हाई. मी बघितलंय."

"हा प्रश्न लई जुना हाय. मोठ्या मोठ्यांना पडलेला."

"उत्तर?"

"पोळ्याच्या बाजारी."

पोळ्याचा बाजार म्हणजे आमची दिवाळी. गोंडे, घुंगरमाळा, शिंगांचे रंग, बेगडाचे तुकडे चिखलात पडून चमकायचे. सकाळपासून दोर ओढून ओढून माझे तळहात सोलले होते, आवाज बसला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाशी भांडताना डोक्यात तीच गाडी फिरत होती. मी माझं उत्तर तयार केलं होतं. बैल जरा जास्त ओढत असणार, पुस्तकवाल्याचं मोजायचं चुकलं असणार. सर आले की पुस्तकालाच खाली आणायचं.

सर दुपार कलल्यावर आले. "लांब दोर पाह्यजे," म्हणाले. "मजबूत."

मला वाटलं, शाळेत रस्सीखेच ठेवली. सगळ्यात चांगला दोर काढला आणि दुप्पट सांगितला.

त्यांनी खिशात हात घातला आणि तेवढे पैसे दिले.

"सर, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

"अहो, म्या दुप्पट सांगितलाय."

"ठाव हाय, अप्पा."

"मग टोक तरी धरा!" मी ओरडलो. हा ओरडा निम्मासुद्धा खोटा नव्हता.

त्यांनी टोक धरलं. मी टाच रोवली, मागं झुकलो आणि मागच्या मागं गोंड्यांच्या ढिगात जाऊन बसलो. त्यांनी ओढलंच नव्हतं. हात नुसता पुढं आला होता दोराबरोबर. समोरचा ओढत नसेल तर आपल्यालाही ओढता येत नाही. हे पुस्तकात आहे का मला माहीत नाही. मी ढिगात बसून शिकलो. बाजार हसला. सर मला उठवायला आले आणि मी त्यांचा हात झटकला.

"उत्तर द्या," मी म्हटलं.

"जोर बघू नका, अप्पा. पाय बघा. बैलाचे पाय बघा." आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून ते गर्दीत गेले. अर्धंच उत्तर. नेहमीसारखं. म्हणून मला वाटलं, उरलेलं अर्धं द्यायला पुढच्या बाजारी येतील.

आले नाहीत. मी शटर उघडं ठेवून वाट बघितली. मग पानटपरीवाल्यानं आपण होऊन विचारलं, "अप्पा, सरांची वाट बघताव का? ते तर गेले. पुण्याकडं, कुठल्या क्लासमधी. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी. सामान टपावर म्याच बांधू लागलो. दोर लई भारी हुता बघा. तुमचाच असंल."

माझाच होता.

पानटपरीवाल्याला माहीत होतं. गिरणीवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला माहीत होतं. मला नाही. माझ्याच दोरानं बिऱ्हाड आवळून माणूस निघून गेला आणि मला सांगितलं नाही. एवढंच असतं तर मी चार शिव्या घालून विसरलो असतो. पण हा माणूस दोन वर्षं विनापगारी राबला, आणि तालुक्यात भाव करण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं तो मी त्याच्यासमोर बसून दर बाजारी चहा पीत होतो. एकदा म्हणायचं. एकदा, "अप्पा, माझ्यासाठी बोला." मी त्या संस्थेच्या अध्यक्षाच्या ओसरीवर जाऊन असा बसलो असतो की त्याला घरात तोंड धुवायला जाता आलं नसतं. सुतळीसाठी माझ्याशी अर्धा घंटा भांडणारा माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही, आणि मलाही बोलू दिलं नाही. माझा राग हा आहे. तो मी कुणाला सांगितलेला नाही, कारण सांगितला की लोक समजूत घालायला लागतात.

उरलेलं अर्धं उत्तर मला त्याच पावसाळ्यात मिळालं. दोरांच्या गठड्या आणायला शेजारच्या गावात गेलो होतो. परतताना पांदीत, रानातल्या गाडीवाटेवर, गाडी फसली. काळं रान, वरून पाऊस. बैल खाली वाकून जोर लावत होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि खूर मागं सटकत होते. गाडी तसूभर हालेना.

"हाण की बे!" मी गाडीवानावर ओरडलो.

"हाणून काय करू?" हरिभाऊ गाडीवान म्हणाला. "जोर हाय की बैलात. पाय ठरंनात. ती गोणपाटं द्या हिकडं."

"नवी हायत ती!"

"मग बसा हितंच नवी गोणपाटं घिऊन."

दिली. त्यानं निरगुडीच्या फांद्या मोडल्या, दगड टाकले, वर माझी गोणपाटं अंथरली आणि बैलांना हाळी दिली. खूर गोणपाटात रुतले, थांबले, आणि गाडी चिखलातून चर्रर्र करत वर आली.

मी पावसात उभा राहून बघत राहिलो. बैल तेच, गाडी तीच. गाडी बैलाला मागं ओढतच होती. पण बैल पायानं जमिनीला मागं रेटतो आणि जमीन त्याला पुढं ढकलते. ती तिसरी होती, जी मी धरलीच नव्हती. माझा सगळा हिशेब दोघांचा होता. रस्सीखेचेतसुद्धा दोर दोघांना सारखाच ओढतो. जिंकतो तो, ज्याच्या पायाला जमीन धरून ठेवते.

"सर!" असा शब्द माझ्या तोंडून आला. हरिभाऊनं वळून बघितलं. "बसा आता गाडीत," तो म्हणाला, "भिजताव कशाला?"

घरी येईपर्यंत तोच हिशेब डोक्यात फिरत होता. माझ्या पायाखाली बापाचं गोणपाट होतं. तेवढंच होतं, पण होतं. त्या माणसाच्या पायाखाली काय होतं? येणार असलेलं अनुदान. त्यावर टाच रोवून त्यानं दोन वर्षं माझ्याएवढाच जोर लावला आणि मला कधी जाणवू दिलं नाही की तो सटकतोय. त्या शेवटच्या बाजारी त्याला ओढता आलं नसेल. नसेलच आलं. हे मला त्या पांदीत कळलं.

कळलं म्हणून राग गेला असं नाही. समज आणि राग ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. एक आलं म्हणून दुसरं उठून जात नाही.

मध्यंतरी गावातल्या एका पोरानं मोबाईलवर सरांचा फोटो दाखवला. मोठी पाटी, मागं पांढरा फळा, डोक्यावरचे केस गेलेले. "ह्यांच्या क्लासला हाय मी. तुमी वळखता का, अप्पा? नंबर देऊ?"

"कावून? त्याला दोर लागतोय का?" मी म्हटलं. पोरगं गेलं. मग दिवसभर मी आल्या-गेल्यावर ओरडत राहिलो.

आता पोळ्याच्या बाजारात बैल कमी आणि मातीचे बैल जास्त. गिऱ्हाईक दोर ओढून बघत नाही. नायलॉन आहे, तुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी अजूनही दुप्पट सांगतो. परवा एकानं भाव ऐकला, मोबाईल पुढं केला, पैसे आल्याचं यंत्र बोललं, आणि तो दोर घेऊन गेला. मी पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवून तसाच उभा.

मग शटर अर्धं ओढलं. अंबाडीचं एक वेटोळं काढून त्याचं टोक खांबाला बांधलं, टाच रोवली आणि मागं झुकलो. दोर करकरला, कुसं उडाली, तळहात चरचरले. सर म्हणाले होते ते खरं आहे. मी जेवढं ओढतो तेवढंच खांब ओढतो. उणं नाही, जास्त नाही. दोराला फरक कळत नाही.

बराच वेळ तसा झुकून राहिलो. खांबानं सोडलं नाही.

पण खांब भाव करत नाही.